मतदानाच्या दिवशीचा पडदा

मंगलचा फोन आला तेव्हा मी भिजवलेले कडवे वाल सोलत बसले होते. हात ओले, चष्मा कपाळावर, म्हणून पहिल्यांदा वाजू दिला. लगेच पुन्हा वाजला तेव्हा पदराला हात पुसले. "बाई, नाना गेले," ती म्हणाली. सकाळची पूजा आटोपून नाना घरी आले, ओटीवर बसून चहा मागितला, भिंतीला पाठ टेकली, आणि मंगल कप घेऊन बाहेर येईपर्यंत... अशा जाण्याला लोक भाग्याचं जाणं म्हणतात. नाना असते तर म्हणाले असते, चहा तरी पिऊन जायला हवं होतं. मंगल रडत नव्हती. नानांची ही सून सगळी कामं उरकल्यावरच रडते. मुंबईहून तिचा नवरा कधी पोहोचेल, उमरठहून नणंद कशी येतेय, सगळं तिने नीट सांगितलं आणि मग म्हणाली, "आनि बाई, पुढल्या म्हयन्यात मतदान हाय. पडदा बाई वडतील, असं नाना सांगून गेल्यात."

"अगं मंगल, आज हे कशाला?"

"मला इसर पडंल म्हनून सांगितलं. त्येंनी कितीदा बजावलंय."

महाडहून गावी जाताना वाटेत मला नानांपेक्षा त्या पडद्याचीच आठवण जास्त येत होती. तो ओढायचा म्हणजे काळकाईच्या देवळात पाय ठेवावा लागणार होता, आणि एवढ्या आयुष्यात मी तो ठेवलेला नाही. माझ्या आजीला तिथे जाऊ देत नव्हते म्हणून ती गेली नाही. आम्ही बौद्ध झाल्यावर जायचं नाही म्हणून माझी आई गेली नाही, आणि तिने मलाही तेच शिकवलं. त्याच गावच्या शाळेत मी इतकी वर्षं मास्तरीण होते, शाळेची वाट देवळावरून जाते, रोज चार वेळा मी त्या पायऱ्यांसमोरून गेले असेन. पण पायरी चढले नाही. नानांना हे सगळं ठाऊक होतं. ठाऊक असूनही हे काम त्यांनी माझ्याच गळ्यात घातलं, यात मला त्यांचा खट्याळपणाही दिसत होता आणि काहीतरी वेगळंही दिसत होतं.

धोंडू गुरव हे त्यांचं नाव, पण सगळा गाव नाना म्हणायचा. कापड्यापासून वर चढून गेलं की डोंगराच्या कुशीत आमचं गाव आहे. खाली भातखाचरं, मध्ये वस्ती, आमची वाडी ओढ्यापलीकडे, आणि सगळ्यांच्या मधोमध काळकाई. तिची पूजा नानांच्या घराण्याकडे. पूजा करायची, शिमग्यात पालखी बाहेर काढताना गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे साऱ्या गावाच्या वतीने देवीशी मोठ्याने बोलायचं, आणि कुणी अडला-नडला तर कौल लावायचा, ही त्यांची कामं. कौल म्हणजे देवीच्या अंगावर दोन्ही बाजूंना ओली फुलं चिकटवायची आणि प्रश्न विचारायचा. उजवीकडचं पडलं तर हो, डावीकडचं पडलं तर नाही. म्हैस हरवली, सोयरीक जमवायची, विहीर कुठे खणायची, गाव सगळं देवीला विचारायचा. नानांची श्रद्धा अशी की फूल पडायला उशीर झाला तर ते देवीवर वैतागायचे. "बोल की गो आई, मानूस ताटकळलाय," असं त्यांना म्हणताना मी बाहेरून, वाटेवरून ऐकलेलं आहे. मला लोकांसमोर ते 'बाई, तुम्ही' म्हणायचे. आम्ही दोघंच असलो की 'गो' आणि 'तू'. मी शाळकरी असताना त्यांच्या आवारातल्या चिंचा पाडून पळत असे, ते त्यांच्या डोक्यातून शेवटपर्यंत गेलं नाही.

पडद्याची गोष्ट त्यांच्या तरुणपणापासून सुरू होते. ती त्यांनीच मला शाळेच्या ओट्यावर बसून सांगितली होती. वडील नुकतेच वारले होते आणि पूजा नवीनच अंगावर आली होती. निवडणूक लागली. गावकीच्या, म्हणजे गावच्या पंचांच्या, मनात आलं की कुणाला मत द्यायचं ते देवीलाच विचारू. नानांनी कौल लावला. फूल पटकन उजवीकडे पडलं. सगळ्या गावाने एकमुखाने त्या माणसाला मतं टाकली. तो निवडून आला, आणि गावात एकदा हार घालून घ्यायला आला तो परत काही फिरकला नाही. पाण्याचं बोललेलं काही झालं नाही. पुढच्या उन्हाळ्यात गावातली एक म्हातारी ओढ्यात झरा खरवडून अर्धा हंडा पाणी भरून परत येत होती. ती देवळासमोर थांबली, हंडा खाली ठेवला आणि देवीला शिव्या द्यायला लागली. तूही त्यातलीच, तुलाही त्याने काय चारलं, असं वाटेल ते बोलली. नाना आत गंध उगाळत होते. "बाहेर येयाची मला लाज वाटली," ते मला म्हणाले. "खोटं तो बोलला, इचारलं मी, आनि शिव्या कुनी खाल्ल्या? माझ्या आईने." त्या दिवसापासून त्यांनी ठरवून टाकलं की देवीला काहीही विचारेन, पण मत कुणाला द्यायचं हे विचारणार नाही.

एवढ्यावर थांबले असते तर ते नाना कसले... पुढे गावात मतदानाची यंत्रं आली, आणि केंद्र आमच्या शाळेतच असायचं. देऊळ आणि शाळा समोरासमोर. मुंबईकर मंडळाने, म्हणजे मुंबईत नोकरीला असलेल्या गावकऱ्यांच्या मंडळाने, जीर्णोद्धारात गाभाऱ्याला लाकडी दाराऐवजी स्टीलची जाळी बसवली आणि देवीला चांदीचे मोठे डोळे केले. त्या जाळीतून ते डोळे थेट शाळेच्या दारावर येतात. एका मतदानाला नानांच्या लक्षात आलं की बायका शाळेत शिरण्याआधी देवीकडे बघून कावऱ्याबावऱ्या होतात. घरच्या कारभाऱ्याने एक चिन्ह सांगितलेलं, मनात दुसरंच, आणि वर आई टक लावून बघतेय. नाना उठले, अंगावरचं उपरणं काढलं आणि जाळीवर टांगलं. "आई, तू आज सांजपतूर पड जरा," असं म्हणून ते पायरीवर राखणीला बसले. संध्याकाळी यंत्रं जीपमध्ये घालून माणसं गेली तेव्हा त्यांनी उपरणं काढलं आणि म्हणाले, "झालं गो आई, आता बघ." पुढच्या प्रत्येक मतदानाला हाच नेम.

काही दिवसांनी ते शाळेत आले आणि तक्रारीच्या सुरात म्हणाले, "बाई, उपरन्यातनं दिसतंय तिला." मला आधी काही उमजेना. त्यांनी समजावलं. पातळ कापड आहे, उन्हात आरपार दिसतं, देवीच ती, तिला तर दिसणारच, शाळेत एखादा जाड कपडा आहे का? मला हसू आवरेना. स्नेहसंमेलनाचा जुना निळा पडदा कपाटात पडून होता, उंदरांनी एका कोपऱ्याला खाल्लेला. तो मी धुऊन, कोपरा कापून, काठ शिवून त्यांना दिला. नववी-दहावीच्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकात गुप्त मतदानावर दोनच ओळी असतात, पोरं त्या परीक्षेपुरत्या पाठ करतात. नानांनी त्यासाठी देवीचे डोळे झाकले होते. मुंबई मंडळाचे अध्यक्ष बाळाराम, म्हणजे नानांचे चुलत पुतणे, शिमग्याला आले तेव्हा त्यांनी पडदा पाहून कपाळाला आठ्या घातल्या. "नाना, निळा कलर कशाला? लोक क्या बोलेंगे? भगवा नाय मिळाला?" नाना म्हणाले, "शाळंचा हाय तो. शाळंला कसला आलाय रंग?" बाळाराम ते विसरले नाहीत.

त्याचा हिशेब त्यांनी ग्रामपंचायतीच्या वेळी चुकता केला. मंडळाला निवडणूक बिनविरोध हवी होती. नावं मुंबईतच ठरली होती. एका रविवारी सगळ्यांना देवळात बोलावलं, देवीपुढे नारळ ठेवला आणि प्रत्येक घरातल्या कर्त्याने त्यावर हात ठेवून शब्द द्यायचा असं ठरलं. नारळावर हात ठेवला की शब्द मोडायची कुणाची छाती होत नाही, देवी घराण्याला धरते म्हणतात. त्या आधी नानांनी गाऱ्हाणं घालायचं होतं. नाना उभे राहिले आणि म्हणाले, "मी घालनार नाय." बाळाराम म्हणाले, "नाना, गावाच्या एकीसाठी आहे, पॉलिटिक्स नाही." नानांनी ओढ्यापलीकडे हात केला. "ती वाडी या गावात हाय का नाय? ती मानसं या नारळावर हात ठेवनार नायत, त्येंचा धर्म येगळा. मग एकी कसली? आनि मी आईला काय सांगू? तुझ्या अर्ध्या पोरांना बाहेर ठेवून तुझ्या नावाने शब्द घेतोय म्हनून?" आम्ही वाडीतले लोक तिथे नव्हतो. मला हे मंगलने सांगितलं, तेही नाना घरात नसताना. स्वतः नाना या प्रसंगाबद्दल कधी बोलले नाहीत.

बिनविरोधचा बेत बारगळला, निवडणूक झाली, पण नानांना त्याची किंमत मोजावी लागली. त्या वर्षी शिमग्याला गाऱ्हाण्याचा मान गावकीने काढून घेतला. पालखीचा पहिला खांदा दुसऱ्याला दिला. सहाणेवर, म्हणजे पालखी ठेवायच्या चौथऱ्यावर, पालखी बसली तेव्हा नाना गर्दीच्या मागे, शाळेच्या कुंपणापाशी उभे होते, आणि मी कुंपणाच्या पलीकडे होते. त्यांचे डोळे भरलेले. मी म्हटलं, "नाना, नारळ ठेवू दिला असता तर काय बिघडलं असतं?" ते नाक शिंकरत म्हणाले, "आईने मला बोलावलं नाय तरी चालंल गो. पन माझ्यामुळं ती कुनाच्या दावणीला बांधली जायला नको." गाऱ्हाणं बाळारामांनी घातलं, मोबाइलमध्ये लिहून आणलेलं. मध्येच कुणाचा तरी फोन आला आणि काळकाईसमोर ढोलकीवालं गाणं वाजायला लागलं. लोक हसले, म्हाताऱ्या माणसांनी मान खाली घातली. पुढच्या वर्षी गावकीने नानांना घरी जाऊन बोलावलं. ते गेले, आणि पहिल्या ओळीपासून असं गाऱ्हाणं घातलं की ओढ्यापलीकडे माझ्या अंगणात ऐकू आलं. त्यात गावातल्या सगळ्या वाड्यांची नावं होती, आमच्याही वाडीचं. आमच्यापैकी काहींना ते आवडलं नाही. आम्हाला तुमच्या देवीकडे कशाला नेता, असं एक जण त्यांना तोंडावर म्हणाला. नाना म्हणाले, "मी नेत नाय, मी निस्तं सांगतो तुमी हायत म्हनून." मला ते आवडलं होतं.

मी निवृत्त होऊन महाडला राहायला आले, पण नाव गावच्या यादीतच ठेवलं. नाना मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला महाडला आले तेव्हा माझ्याकडेच उतरले. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर नाना आंघोळ करून ओलेत्याने दिवाणखान्यात उभे, एका डोळ्यावर पट्टी, ओंजळीत शेजारच्यांच्या कुंपणावरची तगर. "देव कुठं हाय तुझा?" मी बुद्धमूर्तीकडे बोट दाखवलं. त्यांनी फुलं पायाशी नीट मांडली. मी म्हटलं, "नाना, कौल-बिल लावू नका हं इथे." ते एका डोळ्याने बराच वेळ मूर्तीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ह्यो कुठं सांगतोय? डोळं मिटून बसलाय. ह्याला पडदा बी नको." आणि स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन पट्टी सांभाळत हसले. जितके दिवस होते तितके दिवस तगर वाहत राहिले. शेजारच्या काकूंनी मला विचारलं, तुमच्याकडे कोण भटजी आलेत? मी म्हटलं, आमच्या गावचे निवडणूक अधिकारी आहेत.

त्याच मुक्कामात आमचं कडाक्याचं भांडण झालं. जेवताना सहज मी बोलून गेले की गेल्या रविवारी वाडीतल्या विहारात वंदनेनंतर बैठक झाली, या खेपेला सगळ्यांनी एकाच ठिकाणी मतं द्यायची असं ठरलं. नानांनी घास ताटात ठेवला. "मंग तुमच्या इहारात पडदा हाय का गो?" मी चिडले. आमचं वेगळं आहे म्हटलं. आम्ही कुणावर शपथ घालत नाही. आम्ही थोडे आहोत, फुटलो तर आम्हाला कोण विचारणार? ज्यांना शेकडो वर्षं पाणवठ्यावर येऊ दिलं नाही त्यांनी एकत्र राहायचंही नाही का? नाना ऐकून घेत होते. "रास्त हाय तुझं," ते म्हणाले. "पन समजा तुझ्या वाडीतल्या एका बाईला येगळं वाटलं, आनि ती हात जोडून डोळं उघडते तर म्होरं सगळी वाडी बसल्याली. देवाने डोळं मिटलेत गो. मानसांनी कुठं मिटलेत?" मी उठून ताटं घासायला गेले. दोन दिवस आम्ही फक्त डोळ्यांतल्या थेंबांपुरते बोललो. सकाळ-संध्याकाळ थेंब मी घालत होते, त्यामुळे अबोला पुरता धरताही येत नव्हता.

त्या भांडणात कोण बरोबर होतं हे मला आजही सांगता येणार नाही. आम्ही एकत्र राहायला हवं, हे माझं मत तसंच आहे. पण पुढच्या खेपेला विहाराच्या बैठकीत मीच सुचवलं की बोलणं हवं तेवढं होऊ दे, वाद होऊ देत, फक्त ते वंदनेआधी होऊ दे, आणि वंदना झाली की सरळ घरी जायचं, शेवटचा शब्द कुणा पुढाऱ्याचा नको. थोडी कुरकुर झाली. पण ते टिकलं, अजून चालू आहे. धर्म आणि राजकारण वेगळं ठेवा असं सांगणारी माणसं मी पुष्कळ पाहिलीत, आणि बहुतेक वेळा ती दुसऱ्याच्या धर्माबद्दल बोलत असतात. नानांना वेगळं ठेवणं जमत नव्हतं, आणि मलाही जमत नाही. कुणी कुणाच्या वर नाही हे मी आधी आईच्या तोंडच्या वंदनेत ऐकलं, राज्यघटनेत नंतर वाचलं. नानांनी तर वाचलंही नसेल. आईला सगळी लेकरं सारखी, मग तिच्या नावाने कुणावर जोर करायचा नाही, एवढंच त्यांचं राजकारण, आणि ते गाभाऱ्यातच शिकलेलं. दोन वाटांनी आम्ही एकाच शाळेच्या दारात पोहोचलो, आणि त्यांनी कुणाला मत दिलं हे मी कधी विचारलं नाही. निकाल लागल्यावर मात्र ते फोन करायचे. आपल्या केंद्रावर मतं फुटली का, एवढंच विचारायचे. फुटली म्हटलं की त्यांना आनंद. "म्हंजे मानसं हायत अजून."

शेवटची भेट पावसाळा सरल्यावर झाली. कुडपणच्या बाजूने धुकं उतरलं होतं, नाना ओटीवर कांबळं घेऊन बसले होते, खोकत होते, पण मजेत होते. म्हणाले, "माझ्यामागं पडदा कोन वडंल गो?" मी म्हटलं, तुमचा शंकर आहे की. शंकर म्हणजे त्यांचा पुतण्या, आता पूजा तोच करतो. "शंकर भितो. मी भांडतो तिच्याशी, त्याला भांडता येत नाय. तिच्या डोळ्यांवर कपडा टाकायला त्याचा हात वर जायाचा नाय. गावात कुनाचा जायाचा नाय." मग माझ्याकडे तिरकं बघत म्हणाले, "तुझा इश्वासच नाय तिच्यावर. म्हनून तुला भ्या नाय."

"नाना, मी देवळात येत नाही. तुम्हाला माहीत आहे."

"नमस्कार करू नको. पडदा वडायला नमस्कार लागतो व्हय?"

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. चहा आला आणि विषय बदलला.

नाना गेल्यावर बाळारामांनी वेळ दवडला नाही. मतदानाच्या आधीच्या रविवारी देवळात नारळ ठेवला गेला. गाऱ्हाणं घालायला शंकरला उभं केलं, तो बिचारा दोन वाक्यं पुटपुटला. घरटी एकेक हात नारळावर पडला. नानांच्या घरातून कुणी गेलं नाही, सुतक फिटलेलं होतं तरी. मंगलने मला फोनवर सांगितलं आणि म्हणाली, "बाया लई घाबरल्यात बाई. सखूमावशी तर म्हनते मी मतालाच जात नाय, आई बघती." सखूमावशी म्हणजे त्या शिव्या देणाऱ्या म्हातारीची लेक, स्वतःच आता सत्तरीची. मी फोन ठेवला आणि बराच वेळ खुर्चीत बसून राहिले. समोर बुद्धमूर्ती होती, पायाशी दोन दिवसांपूर्वीची सुकलेली फुलं. आईची आठवण येत होती. तिने जन्मभर जी पायरी चढली नाही ती मी चढायची? आईला काय वाटलं असतं?... ती फार कडक बाई होती. पण कुणी कुणाला भिऊन मत देतंय किंवा देतच नाहीये हे तिला त्याहून सहन झालं नसतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. मग मी उठले आणि पहिल्या एसटीची वेळ विचारायला शेजारी गेले.

मतदानाच्या सकाळी मी गावात पोहोचले तेव्हा पूजा झालेली होती. शंकर जाळीपाशी पडद्याची घडी हातात धरून उभा होता. तोच निळा पडदा, माझ्याच हातची शिवण, वरच्या काठाला नानांनी बांधलेले सुतळीचे फास. समोर शाळेत कर्मचारी टेबलं लावत होते. बाळाराम मंडपाच्या खांबाला टेकून चहा पीत होते. मला पायऱ्यांकडे वळताना बघून ते सरळ झाले. मी चपला काढल्या. चपला काढायच्या हे कुणी सांगितलं नव्हतं, माणूस कुणाच्याही घरात जाताना काढतो. पायऱ्या गार होत्या. आत तेलाचा आणि तगरीचा वास होता, आणि पहिल्यांदाच मी काळकाईला जवळून पाहिलं. चांदीचे डोळे मोठे आहेत खरे, पण खाली दगडात जो मूळ चेहरा आहे तो घासून घासून इतका गुळगुळीत झालाय की त्यात काही दिसत नाही. एवढ्या वर्षांत नानांच्या हातांनी झिजलेला. मी हात जोडले नाहीत. सुतळीचे फास एकेक करून जाळीच्या टोकांत अडकवले, चवड्यांवर उभं राहावं लागलं, आणि पडदा खाली सोडला. मागे शंकरने मोठा श्वास सोडला तो मला ऐकू आला. मी बाहेर आले आणि नाना बसायचे त्या पायरीवर बसले. बाळाराम चहाचा कप घेऊन जवळ आले. "बाई, हे तुम्ही करायला नको होतं." मी म्हटलं, "नानांनी सांगितलं होतं." त्यांनी उरलेला चहा जास्वंदीच्या मुळाशी ओतला आणि रांगेत जाऊन उभे राहिले.

ऊन वर आल्यावर सखूमावशी दिसली. घराच्या कोपऱ्यावरून डोकावत होती. वाट पार करून माझ्यापर्यंत आली आणि हळूच विचारलं, "पडलाय का गो पडदा?"

"पडलाय."

"जाड हाय ना?"

"शाळेचा आहे, मावशी."

तिने मान वाकडी करून स्वतः बघून घेतलं. मग पदर खोचला आणि शाळेकडे निघाली. दारातून बाहेर आली तेव्हा शाई लागलेलं बोट तिने मला लांबूनच दाखवलं. तिच्या मागे आणखी बायका आल्या. आमच्या वाडीतल्याही आल्या, त्यांनी मला देवळाच्या पायरीवर बघून तोंडात बोटं घातली, मग एक जण माझ्यासाठी घरून तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी घेऊन आली. मी माझं मत दुपारी देऊन आले, तेवढ्यापुरता शंकर पायरीवर बसला. कोण निवडून आलं ते या लेखात सांगत नाही, ते वर्तमानपत्रात छापून आलं आहे. आमच्या केंद्रावर मतं फुटली. आकडे बघता गावातलीही फुटली असणार आणि आमच्या वाडीतलीही. निकालानंतर हे कळलं तेव्हा माझा हात सवयीने फोनकडे गेला, आणि तिथेच थांबला.

मतदानाच्या संध्याकाळी यंत्रं घेऊन जीप कापड्याच्या दिशेने उतरून गेली. शाळेचं दार बंद झालं. शंकर माझ्याकडे बघत उभा होता. मी पुन्हा वर गेले, फास सोडवले, पडदा काढून त्याची घडी घातली. डोळे पुन्हा शाळेच्या दाराकडे बघायला लागले. "बाई," शंकर म्हणाला, "नाना या टायमाला काय तरी बोलायचे तिच्याशी. मला नाय जमायचं." मला ते वाक्य पाठ होतं. वाटेवर उभं राहून कितीदा ऐकलेलं. देवीशी मी कधी बोलले नव्हते आणि तेव्हाही मला वाटत होतं की मी तिच्याशी बोलतच नाहीये, नानांशी बोलतेय. घडी छातीशी धरली, तिला त्यांच्या तपकिरीचा वास येत होता.

"झालं गो आई," मी म्हटलं, "आता बघ."